मेलेल्या थरातले अकरा कण

“मधल्या ठिपक्याकडे बघा. आजूबाजूच्या रेघा सरळ दिसतात का?”

“सरळच आहेत,” मोजणीबाई म्हणाल्या.

त्या खोटं बोलल्या. डोळ्यांच्या डॉक्टरांनी पुढ्यात धरलेल्या कागदावर चौकटीच चौकटी होत्या, आणि चादरीखालून उंदीर चालला असावा तशा मधल्या चार-पाच रेघा फुगल्या होत्या. ठिपका तर दिसतच नव्हता. त्याच्या जागी ओल्या बोटाने पुसल्यासारखा करडा डाग होता, आणि बाई जिकडे बघतील तिकडे तो डागही सरकत होता.

डॉक्टरांनी कागद तसाच धरून ठेवला. “ठिपक्यावर बोट ठेवून दाखवा बरं.”

बाईंनी बोट उचललं. ते हवेतच राहिलं.

“किती दिवस झाले असं होतंय?”

“झाले असतील दोन-तीन महिने.”

हेही खोटंच होतं. झालं होतं दीड वर्ष, आणि बाईंना तो दिवससुद्धा पक्का आठवत होता. त्या दिवशी त्यांनी कचेरीत जाऊन सांगितलं होतं, की प्रयोगशाळेच्या दाराची चौकट ओलीने फुगली आहे, कुणाला तरी पाठवा. सुतार आला, त्याने चौकटीला ओळंबा लावला, दोनदा वाकून बघितलं आणि म्हणाला, “बाई, चौकट एकदम सरळ आहे. तुम्हीच जरा तिरप्या उभ्या राहिलाय.” सगळे हसले. सगळ्यांत मोठ्याने बाई हसल्या. मग घरी जाऊन त्यांनी एक डोळा झाकला, उघडला, दुसरा झाकला, आणि काय ते समजल्या. समजून मूग गिळून बसल्या.

डॉक्टर आता सावकाश सांगत होते. उजव्या डोळ्याच्या पडद्यामागे नको तिथे नव्या रक्तवाहिन्या वाढल्या आहेत, डावाही झिजत चालला आहे. कडेकडेचं दिसत राहील, मधलं जाईल. चालता-फिरता येईल, घरातलं काम होईल. वाचणं, शिवणं, माणसाचा चेहरा ओळखणं मात्र कठीण होईल. “वर्षभर आधी आला असतात, तर इंजेक्शनं देऊन बरंच वाचवता आलं असतं,” ते म्हणाले. “काम काय करता तुम्ही?”

“मोजते.”

“काय मोजता?”

“परागकण. पंचवीस कोटी वर्षांपूर्वीचे.”

डॉक्टरांचं लिहिणं थांबलं.

बाहेरच्या बाकावर मास्तर पिशवी मांडीवर घेऊन बसले होते. मास्तर म्हणजे बाईंचे यजमान. शाळेतले मास्तर नव्हेत, शिलाईचे. चाळीस वर्षं कपडे बेतून त्यांना एक खोड लागली होती. समोर येणाऱ्या माणसाचे खांदे ते आधी बघत, तोंड मग. बाईंचे खांदे बघून ते उठून उभे राहिले.

“चष्म्याचा नंबर बदललाय,” बाई म्हणाल्या.

“अगं, मला कशाला सांगतेस नंबराचं,” मास्तर म्हणाले. “सहा महिने झाले, सुईत दोरा ओवायला माझ्याकडे देतेस. जी बाई उभ्या जन्मात कुणाकडे सुई देत नव्हती ती.”

बाई बाकावर बसल्या, आणि मग सगळं सांगितलं.

बाईंचं काम लोकांना समजावून सांगायचं म्हणजे मोठी पंचाईत. ‘मायक्रोस्कोपमध्ये बघते’ म्हटलं, की नातेवाईक म्हणत, “अच्छा, म्हणजे रक्त-लघवी,” आणि लगेच आपापल्या साखरेचे आकडे सांगू लागत. बाई निमूट ऐकून घेत.

एकोणतीस वर्षांपूर्वी त्या भूशास्त्र विभागात बाटल्या धुवायला म्हणून लागल्या होत्या. सर तेव्हा पंचेचाळिशीचे, भरदार आवाजाचे. एक दिवस ते सूक्ष्मदर्शकावर वाकून दोन तास स्वतःवरच चरफडत होते. शेवटी चहाला उठून गेले. टेबल पुसता पुसता बाईंनी भिंगात डोकावून पाहिलं. सर परत आले तेव्हा त्या घाबरत म्हणाल्या, “माफ करा, पण यातला एक जण वेगळा आहे ना? बाकीचे गुळगुळीत आहेत, आणि याच्या अंगावर तीन रेघा आहेत.” सरांनी पाहिलं. ते दोन तास त्याच एकाला शोधत होते. दुसऱ्या दिवसापासून बाटल्या दुसऱ्या कुणाकडे गेल्या आणि बाईंना स्टूल मिळालं.

नदीकाठचा एक उंच कडा सरांनी आयुष्यभर धरून ठेवला होता. त्या कड्यातला दगड ते बोट-बोट अंतराने काढून आणत. दगड कुटायचा, तो ॲसिडात विरघळवायचा. सगळा दगड गेला, की तळाशी चिमूटभर काळपट गाळ उरतो. कोट्यवधी वर्षांपूर्वी वाऱ्यावर उडालेल्या परागकणांची आणि बीजाणूंची टरफलं त्यात असतात, कारण त्यांना ॲसिडही खाऊ शकत नाही. त्या गाळाचा एक थेंब काचपट्टीवर. आणि प्रत्येक काचपट्टीवरचे तीनशे कण बाईंनी ओळखायचे, मोजायचे. डोळा भिंगाला, डाव्या हाताची बोटं मोजणीयंत्राच्या खटक्यांवर. नेचा, नेचा, शेवाळ, बुरशी, नेचा. जंगलातल्या उंच सूचिपर्णी झाडांचा परागकण बाईंचा लाडका. त्याला दोन बाजूंना हवेच्या दोन पिशव्या असत, दोन्ही गाल फुगवून रुसून बसलेल्या पोरासारखा तो दिसे.

कड्याच्या खालच्या थरांत हे गाल फुगवलेले तीनशेत दोनशे भेटत. म्हणजे तिथे दाट जंगल होतं. मग मध्ये करड्या चिखलाचा एक थर यायचा, आणि त्याच्या वर ते गायब. एकही नाही.

पहिल्या वर्षी सरांनी हे हातवारे करून सांगितलं होतं. “बाई, इथून फार फार लांब जमीन उकलली. लाव्हा वाहायला लागला. एक दिवस नाही, एक वर्ष नाही, हजारो वर्षं. थरावर थर. तो लाव्हा काही आपल्या कड्यापर्यंत आला नाही.”

“मग इथली झाडं कशानं मेली?”

“हवेनं. लाव्हाबरोबर गंधकाचा वायू निघाला, त्यानं पाऊस आंबट झाला. पानं होरपळली. दुसरा वायू निघाला, त्यानं ऊन वाढलं, पिढ्यान्पिढ्या वाढत गेलं. कधी पाण्याचा थेंब नाही, कधी नुसता लोंढा. झाडं उभ्या उभ्या वाळली, वणवे लागले. मुळं कुजली तशी माती सुटली आणि नदीत गेली. हा करडा थर दिसतोय ना, ती माती.”

“आणि वर नुसते नेचे.”

“जंगल गेलं की आधी नेचेच येतात.”

मरायच्या आधी ती झाडं आजारी होती, हे बाईंनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं. परागकण जन्मतात ते चौघे एकत्र, आणि मोठे झाले की सुटे होतात. करड्या थराच्या जरा खाली असे कितीतरी चौघे एकमेकांना घट्ट धरून राहिलेले सापडत. घरी आल्यावर बाई म्हणत, “आज पुन्हा चौघं भेटली. सुटी व्हायचीच राहून गेलेली.” मास्तर कपात चहा ओतत. त्या घरात मूलबाळ नव्हतं, आणि त्या विषयाला दोघंही हात लावत नसत.

करड्या थराच्या वर लागणाऱ्या भागाला बाई ‘मेलेला थर’ म्हणत. सरांनी कागदोपत्री त्याला लांबलचक नाव दिलं होतं, पण बोलताना तेही मेलेला थरच म्हणत. तो थर पूर्ण मेलेला नाही, असं मात्र सरांच्या मनाने घेतलं होतं. डोंगरांच्या एखाद्या घडीत, जिथे ओल टिकली असेल, तिथे थोडी झाडं तगली असणार. ती तगली म्हणून पुढे जंगल परत आलं. सभांमधून ते हे पोटतिडकीने मांडत आणि लोक विचारत, पुरावा? पंचवीस वर्षं सरांकडे त्याला उत्तर नव्हतं. त्यांच्या पाठीमागे लोक हसत, हे त्यांनाही ठाऊक होतं.

“मी डोळ्यांत तेल घालून बघते, सर,” बाई म्हणत. “असेल तर सापडेलच.”

आणि अकरा महिन्यांपूर्वी तो सापडला. मेलेल्या थराच्या ऐन मध्यावर, गाल फुगवलेला. बाईंनी सरांना हाक मारली. सर चौऱ्याहत्तरीचे झाले होते, निवृत्त होऊनही रोज येत, पण हात कापत आणि मोतीबिंदू काढलेले डोळे लगेच पाणावत. त्यांनी वाकून बराच वेळ पाहिलं. मग स्टुलावर बसले आणि रुमाल काढला. “आहे हो बाई,” एवढंच म्हणाले.

त्याच आठवड्यात आणखी दहा सापडले. प्रत्येक कण काचपट्टीवर नेमका कुठे आहे, त्याचे आकडे बाईंनी वहीत टिपले. ते दहा सरांनी पाहिले नाहीत. “तुम्ही पाहिलंत म्हणजे मीच पाहिलं,” असं म्हणून त्यांनी सही केली. निबंध छापून आला. आजवर निबंधाच्या शेवटी बारीक टाइपात ‘मोजणीबद्दल आभार’ असे, त्यात बाई असत. या वेळी त्यांचं नाव वर होतं, सरांच्या पंक्तीत, तिसरं. पँटची पट्टी दुमडून घ्यायला येणाऱ्या गिऱ्हाइकालाही मास्तर तो अंक दाखवत.

डॉक्टरांकडून परतताना बाईंच्या मनात तारखांची जुळणी झाली. चौकट वाकडी दिसली त्याला दीड वर्ष. आणि अकरा कण सापडले, त्याला अकरा महिने.

म्हणजे ते कण त्यांनी याच डोळ्यांनी ओळखले होते.

पुढचे दोन दिवस त्या कामाला गेल्या आणि स्टुलावर नुसत्या बसून राहिल्या. कुणालाही कळणार नव्हतं. काचपट्ट्या लाकडी खणांत बंद होत्या, कुणी त्या उघडून बघणार नव्हतं. तीन आठवड्यांनी सरांचं व्याख्यान होतं, सगळ्यांना निमंत्रणं गेली होती. आणि असं म्हटलं तर कुणाचं काय बिघडत होतं? ते जंगल मेलं तेव्हा बघायला माणूस नव्हता. त्यात चार झाडं उभी होती की नव्हती, यानं आज कुणाच्या घरचा दिवा विझणार होता?

तिसऱ्या दिवशी सकाळी त्या शेजारच्या खोलीत गेल्या. तिथे एक संशोधक मुलगी त्याच कड्याच्या दगडांतला पारा मोजत असे. उद्रेकांबरोबर पाराही हवेत येतो आणि दगडात आपली खूण ठेवून जातो. मुलगी हुशार होती, बोलायला मोकळी होती आणि बाईंना धरून होती.

“अगं, माझं एक काम करशील? जरा दार लाव.”

बाईंनी वही आणि काचपट्ट्या पुढे ठेवल्या. “या आकड्यांवर जा, आणि काय दिसतं ते मला सांग. मी पुढे काय लिहिलंय ते वाचू नकोस.”

मुलीने पहिली काचपट्टी लावली. “हो, दोन पिशव्या आहेत, बाई. एक थोडी फाटलीय. पण आहेत.”

बाईंनी दुसरी काचपट्टी पुढे सरकवली. “पुढचा.”

“हा...” मुलगी थांबली. “हे दोन वेगळे कण आहेत, बाई. एकमेकांना चिकटलेत. मध्ये काजळीचा तुकडा आहे.”

“त्यांच्यावर तीन रेघा आहेत?”

“आहेत. दोघांवरही.”

“तीन रेघा म्हणजे नेचे. पुढचा.”

“याला घडी पडलीय. त्यामुळे कडा पिशवीसारखी वाटते. पण हाही नेचाच.”

बाई समोरच्या भिंतीकडे बघत होत्या. भिंतीत मध्ये करडा डाग होता. आपल्याच डोळ्याने जिथे मधलं पुसलं आणि कडा फुगवल्या, तिथे आपण झाडं उभी केली, हे त्यांना आता लख्ख कळत होतं. मुलीचा आवाज एकेका काचपट्टीबरोबर खाली येत गेला. सहाव्यानंतर तिने डोळे भिंगापासून काढले.

“बाई, स्लाइडवर कण बसवलेली जेली सुकली असेल. कण सरकले असतील.”

“ते सरकत नाहीत, पोरी. सांग पुढचा.”

अकरा झाले. त्यांतला एकच खरा होता. तोही फाटका.

मुलीने दिवा बंद केला. “मी कुणाला बोलणार नाही,” ती म्हणाली.

“तू बोलूच नकोस,” बाई म्हणाल्या. “ते मी बोलायचंय.”

सर आपल्या खोलीत व्याख्यानाची चित्रं लावत होते. टेबलावर त्या पहिल्या कणाचं पानभर मोठं चित्र होतं. “या बाई, हे बघा. गाल कसे दिसतायत? मागच्या रांगेतल्यालाही दिसले पाहिजेत.”

“सर, मला ते दिसत नाही.”

“अहो, चष्मा लावा.”

“चष्म्याचं नाही, सर.” आणि बाईंनी उभ्यानेच सगळं सांगितलं. चौकटीचं, सुताराचं, डॉक्टरांचं, मुलीने आज सकाळी काय पाहिलं त्याचं. बोलताना त्या सरळ सरांकडे बघत होत्या, म्हणून सरांचा चेहरा त्यांना दिसत नव्हता. चेहऱ्याच्या जागी तो डाग होता. चेहरा बघायचा तर बाजूच्या कपाटाकडे नजर न्यावी लागली असती, आणि त्या वेळी ते बरं दिसलं नसतं. त्यांना फक्त टेबलावरचे सरांचे हात दिसत होते. ते कापायचे थांबले होते.

“दीड वर्ष?” सर म्हणाले.

“हो, सर.”

“दीड वर्ष तुम्ही माझ्याशेजारी बसून... आणि मला आज सांगताय? एकदा, एकदा म्हणाला असतात, की बाबा रे, मला नीट दिसत नाही! कशाला घाबरलात? नोकरीला?”

“नोकरीला नाही, सर. मला वाटलं, एकदा त्या स्टुलावरून उठले, की मी पुन्हा बाटल्या धुणारी.”

“त्यापेक्षा बाटल्याच धुतल्या असत्यात, तर बरं झालं असतं.”

 बाई जागच्या हलल्या नाहीत. मग सरांचा आवाज आला तो अगदी वेगळा, म्हाताऱ्या माणसाचा.

“एक तरी खरा आहे ना?”

“आहे. तुम्ही पाहिला तो. फाटका.”

“एकट्या फाटक्या कणावरून काही म्हणता येत नाही. जुन्या थरातून धुऊन आलेला असू शकतो.”

“हो, सर.”

“म्हणजे काही उरलं नव्हतं.”

“आपल्या कड्यात तरी नाही, सर.”

सरांनी टेबलावरचं चित्र उचललं आणि पालथं ठेवलं. “जा तुम्ही,” ते म्हणाले.

व्याख्यान झालं. लोकांना वाटलं होतं तास-दीड तास चालेल, ते वीस मिनिटांत आटपलं. बाई मास्तरांबरोबर शेवटच्या रांगेत बसल्या होत्या. सरांनी पारा सांगितला, आंबट पाऊस सांगितला, धुऊन गेलेली माती सांगितली. मग कागद खाली ठेवून म्हणाले, “झाडं तगली होती, असं मी गेल्या वर्षी लिहिलं. ते चूक होतं. आमच्या कड्यात तसा पुरावा नाही. मला तो हवा होता, म्हणून मी तो नीट तपासला नाही.” बाईंचं नाव त्यांनी घेतलं नाही. पुढच्या रांगेत कुणीतरी खोकलं. टाळ्या वाजल्या, पण कुणी आजारी माणसाला भेटून निघताना बोलतो तशा, हळू.

निबंधाची दुरुस्ती छापायला पाठवणं भाग होतं. ती लिहायला पुढच्या आठवड्यात तिघं सरांच्या खोलीत बसली. सर सांगत होते, मुलगी टंकत होती. “निरीक्षणातील त्रुटीमुळे अकरापैकी दहा कणांची ओळख चुकली,” सर म्हणाले. “पूर्णविराम.”

“पूर्णविराम नको, सर,” बाई म्हणाल्या. “कुणाच्या निरीक्षणातली, ते घाला.”

“काय गरज आहे?”

“निबंधावर नाव छापलंत तेव्हा मी नको म्हटलं नाही. आनंदानं घरी घेऊन गेले. आता नको कसं म्हणू?”

सर मुलीला म्हणाले, “घाल. मोजणी करणाऱ्या लेखिकेची दृष्टी त्या काळात अधू झाली होती.”

“आणि ही गोष्ट तिने वेळेवर कळवली नाही,” बाई म्हणाल्या.

मुलीची बोटं थांबली. तिने सरांकडे पाहिलं. सरांनी खिडकीकडे पाहिलं.

“टंक गं,” बाई म्हणाल्या. “पुढे दुसरी कुणी असेल, तिला वाचून तरी बोलायची बुद्धी होईल.”

टंकण्याचा आवाज आला. तो थांबल्यावर सर म्हणाले, “बाई, त्या दिवशी मी ते बाटल्यांचं जे बोललो...”

“राहू द्या, सर.”

“राहू कसं देऊ? एकोणतीस वर्षं...”  बाईंनी या वेळी नजर कपाटाकडे नेली, आणि डोळ्याच्या कडेने त्यांना सर दिसले. फार खंगले होते. हे त्यांच्या इतके दिवस लक्षातच आलं नव्हतं.

महिनाअखेरीला बाईंनी काम सोडलं. मुलगी सगळे नमुने पहिल्यापासून मोजायला बसली. अधूनमधून फोन करून ती अडलेलं विचारी. “बाई, गोल आहे, अंगावर काटे आहेत, काटे बोथट.” बाई भाजी चिरता चिरता नाव सांगत. मग फोन कमी झाले. मुलीचं अडायचं कमी झालं होतं, आणि ते चांगलंच होतं.

सर काही दिवस विभागात येत राहिले, मग त्यांचं येणं बंद झालं. एका दुपारी मुलीचा फोन आला. बाईंनी सवयीने विचारलं, “काय अडलं गं?” अडलं काहीच नव्हतं. सर सकाळी गेले होते. झोपेतच.

बाई दर्शनाला गेल्या. तिथे सगळे चेहरे पुसलेले होते, सरांचाही. मास्तरांनी हाताला धरून त्यांना पायांशी नेलं. त्यांनी पाय चाचपले, आणि त्यांना ते गार लागले.

दुरुस्ती छापलेला अंक त्यानंतर दोन महिन्यांनी आला. मुलीने तो स्वतः घरी आणून दिला, चहासुद्धा न घेता गेली. दुपार होती. मास्तर खिडकीपाशी बेतायच्या टेबलावर उभे होते. त्यांनी कात्री बाजूला ठेवली, हात पुसले आणि अंक उजेडात धरला.

“वाचता ना?” बाई म्हणाल्या.

मास्तर वाचू लागले. लांबलचक शब्दांशी ते अडखळत, तेव्हा बाई तो शब्द मागून पुरा करत. थरांचे आकडे आले, काचपट्ट्यांचे आले. सरांच्या नावामागे ‘कैलासवासी’ लागलं होतं, तिथे मास्तर क्षणभर थांबले आणि पुढे गेले.

“निरीक्षणातील त्रुटीमुळे अकरापैकी दहा कणांची ओळख चुकली. मोजणी करणाऱ्या लेखिकेची दृष्टी त्या काळात अधू झाली होती.”

पुढचं एक वाक्य मास्तरांनी मनातच वाचलं.

“त्यामुळे उद्रेकानंतरच्या थरांत सूचिपर्णी वृक्ष तगून राहिल्याचा निष्कर्ष आम्ही मागे घेत आहोत. प्रस्तुत कड्यात तसा कोणताही पुरावा नाही.”

खिडकीबाहेर कुणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं. बाई हात मांडीवर ठेवून बसल्या होत्या.

“झालं?” त्यांनी विचारलं.

“झालं.”

“सगळं वाचलंत?”

“अक्षर न् अक्षर,” मास्तर म्हणाले.

बाईंनी मान हलवली. “छान वाचलंत,” त्या म्हणाल्या.

मास्तरांनी अंक मिटला, आणि कापडाची घडी बसवताना फिरवतात तसा त्यावरून अंगठा फिरवत राहिले.